चेकियात शिकायला आलात? आधी वाटेवरचे पट्टे वाचायला शिका

चेक प्रजासत्ताकात शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींचा पहिला महिना कागदपत्रांत जातो. राहण्याचा परवाना, विमा, बँकेचं खातं, हॉस्टेलचा करार. दुसऱ्या महिन्यात प्राग बघून होतं, चार्ल्स पुलावर फोटो निघतात आणि मग थंडी पडते. पुढचे कित्येक महिने खोली, लॅब आणि सुपरमार्केट एवढ्यातच फिरण्यात जातात. एवढ्या लांब येऊन असं होऊ नये, म्हणून हा लेख.

मी ब्रनोत शिकते. इथे राहून माझं एक मत पक्कं झालं आहे: चेक माणसाची खरी ओळख व्हायची असेल तर त्याला पायवाटेवर गाठावं. शनिवारी सकाळी ब्रनोच्या मुख्य स्थानकावर जाऊन बघा. सत्तरीच्या आजी चालायच्या काठ्या घेऊन उभ्या असतात, चार वर्षांच्या पोराच्या पाठीवर त्याच्या मापाची सॅक असते, कुत्र्यालाही बरोबर घेतलेलं असतं. आठवडाभर लॅबमध्ये दोन शब्दांपलीकडे न बोलणारा माणूस डोंगरावर समोरून आला की आपणहून नमस्कार करतो, पुढे चिखल आहे का, वरची खानावळ उघडी आहे का, सगळं सांगतो. म्हणून भटकंती आणि संस्कृती असे दोन वेगळे विषय मी इथे केलेले नाहीत. इथे एकातूनच दुसऱ्याकडे जाता येतं.

पहिली पायरी: फोन आणि पाकीट

फोनमध्ये तीन गोष्टी हव्यात. पहिली, मापी हे नकाशांचं चेक ॲप. जुने लोक त्याला अजून मापी सीझेड म्हणतात. यात प्रत्येक खुणेची पायवाट तिच्या रंगासकट दिसते, अगदी झरा आणि बसायचा निवाराही दिसतो. जिथे जायचं त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, दरीत उतरल्यावर रेंज जाते. दुसरं, इडोस. रेल्वे, एसटीसारख्या गावोगावच्या बस आणि ट्राम यांचं वेळापत्रक त्यात एकत्र मिळतं. तिसरं, झाख्रान्का. संकटात बटण दाबलं की तुम्ही नेमके कुठे आहात ते रुग्णवाहिकेच्या केंद्राला कळतं. ॲप नसेल तर ११२ किंवा १५५.

पाकिटात आयसिक हे विद्यार्थी ओळखपत्र असू द्या. २६ वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला रेल्वे आणि बसचं तिकीट निम्म्या दरात मिळतं, परदेशी विद्यार्थ्यालाही. २६ पूर्ण झाली की ही सवलत जाते, तेव्हा पीएचडीला आलेल्यांनी तिच्यावर विसंबू नये. परवान्याचं कार्ड जवळ ठेवा. क्रकोनोशेसारख्या डोंगरात पायवाट कधी पोलंडमध्ये जाते आणि परत येते, ते नुसतं चालताना कळतही नाही. शिवाय थोड्या कोरुना रोख घ्या. शहरात सगळीकडे कार्ड चालतं, पण जंगलातल्या टपरीवर आणि आडगावच्या खानावळीत चालेलच असं नाही.

दुसरी पायरी: पट्टे

या देशातली सगळ्यात सुंदर सार्वजनिक गोष्ट कोणती असं मला विचारलं तर मी किल्ला किंवा चर्च सांगणार नाही, झाडावरचे पट्टे सांगेन.

झाडाच्या बुंध्यावर, दगडावर किंवा विजेच्या खांबावर तळहाताएवढ्या चौकोनात तीन आडवे पट्टे रंगवलेले दिसतील. वरचा आणि खालचा पांढरा, मधला रंगीत: लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा. लाल म्हणजे लांब पल्ल्याची किंवा डोंगराच्या धारेवरून जाणारी मुख्य वाट. निळीही मोठीच. हिरवी आसपासच्या भागातली. पिवळी बहुधा दोन वाटांना जोडणारी, आखूड. रंगाचा आणि अवघडपणाचा काहीही संबंध नाही, हे मात्र नीट लक्षात ठेवा. लाल वाट एखाद्या बागेसारखी सपाट असू शकते आणि पिवळी छातीवरचा चढ निघू शकते. चढ किती आहे ते ॲपमधल्या आलेखात बघा.

पट्ट्यांऐवजी बाण दिसला तर तिथे वळायचं. पांढऱ्या चौकोनात तिरपा हिरवा पट्टा असेल तर ती माहितीफलकांची वाट असते, तिथली झाडं, पक्षी, खडक यांची माहिती देणारी. जिथे वाटा फुटतात तिथे खांबावर पाट्या असतात: जागेचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि प्रत्येक ठिकाणाचं अंतर किलोमीटरमध्ये. पाटीचं टोक ज्या रंगाचं, त्या रंगाची वाट धरायची. पाटी वाचायची सवय लागली की नकाशा बघावा लागत नाही.

हे सगळं चेक पर्यटक मंडळ करतं. मंडळाची स्थापना १८८८ची. प्रागमधले मोठे लोकहितवादी व्होयता नाप्रस्तेक त्याचे पहिले अध्यक्ष. १८८९मध्ये प्रागच्या दक्षिणेला व्ल्टावा नदीकाठी श्त्येखोवित्से गावापासून पहिली वाट रंगवली गेली, लाल. आज पायी चालायच्या खुणेच्या वाटा ४०,००० किलोमीटरच्या वर आहेत. प्रागच्या पेत्र्झीन टेकडीवर आयफेल टॉवरसारखा जो मनोरा दिसतो, तोही १८९१मध्ये याच मंडळाच्या पुढाकाराने उभा राहिला. पट्टे रंगवणारे लोक प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ते आपापल्या हद्दीतली वाट ठरावीक वर्षांनी पुन्हा रंगवतात. रंग लावण्याआधी बुंध्याची सैल साल खरवडून घेतात, म्हणजे पट्टा टिकतो.

सह्याद्रीत वाट चुकली की आपण गुराख्याला विचारतो. इथे जंगलात दोन-दोन तास कुणी भेटत नाही, पट्टाच विचारायचा. माझा नियम साधा आहे: पाच मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे जायचं. पुढे कुठेतरी लागेल म्हणून रेटायचं नाही. वाट फुटल्यावर ती खूण उलट दिशेने येणाऱ्यासाठीही रंगवलेली असते, म्हणून मागे वळून बघायलाही शिका.

तिसरी पायरी: गाडी कधी येत नाही हे ओळखणं

वाट कळली तरी परतीची बस चुकली की दिवस बिघडतो. थांब्यावरच्या छापील वेळापत्रकात आकड्यांभोवती बारीक चिन्हं असतात, ती आधी शिका. एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे गाडी फक्त कामाच्या दिवशी. क्रूस म्हणजे रविवार आणि सुट्टीचा दिवस. गोलातला ६ म्हणजे शनिवार. खेडेगावात रविवारी दुपारनंतर एखादीच बस असते, ती आधी शोधायची आणि मग वाट किती लांब घ्यायची ते ठरवायचं. मी नेहमी शेवटच्या बसऐवजी तिच्या आधीची बस धरायचा बेत करते.

आणखी एक चिन्ह आहे, छोटा 'एक्स'. तो विनंती थांबा. बस असो वा छोटी रेल्वे, आत बसलेल्या माणसाने बटण दाबलं नाही आणि थांब्यावर कुणी दिसलं नाही तर गाडी थांबत नाही. थांब्यावर उभे असाल तर चालकाला दिसेल असं उभं राहा, शेडच्या आत मोबाईल बघत बसू नका.

ब्रनोच्या भोवतालच्या दक्षिण मोराविया या प्रांतात ट्राम, बस आणि लोकल गाड्यांना एकच तिकीट चालतं, झोनच्या हिशेबाने. ब्रनोहून गुहेपर्यंत किंवा द्राक्षमळ्यापर्यंत त्याच तिकिटावर जाता येतं, फक्त झोन आणि वेळ पुरेशी आहे ना ते बघा.

चौथी पायरी: सुरुवात कुठून

पहिल्याच रविवारी मोठ्या डोंगराच्या मागे लागू नका. ब्रनोत असाल तर ट्रामने बिस्त्रत्सला जा, तिथे धरणाचा जलाशय आहे. त्यावर विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, १९४६पासून. बोटीने वेव्हेर्झी किल्ल्यापर्यंत जायचं आणि काठाकाठाने जंगलातून चालत परत यायचं. पट्टे ओळखायचा सराव होतो, आणि दमलात तर मध्येच बोट पकडता येते.

प्रागला असाल तर कार्लश्टेन. १३४८मध्ये चौथ्या चार्ल्सने या किल्ल्याचा पाया घातला, त्याच वर्षी त्याने प्रागचं विद्यापीठही काढलं. मुख्य स्थानकाहून लोकलने पाऊण तासाच्या आत पोहोचता. बहुतेक पर्यटक किल्ला बघून त्याच गाडीने परततात. तुम्ही मात्र किल्ल्यापासून लाल पट्टा धरा आणि जंगलातून स्वाती यान पोड स्कालोउ या चुनखडीच्या कड्याखालच्या गावातून बेरोउनला निघा. अर्धा तास चाललात की किल्ल्याकडची गर्दी संपते.

सराव झाला की मोरावियन कार्स्ट हा चुनखडीच्या गुहांचा मुलूख. ब्रनोहून ब्लान्स्कोला रेल्वेने अर्धा तास, तिथून स्काल्नी म्लीनपर्यंत बस किंवा पाचेक किलोमीटर पायी. मात्सोखा ही १३८ मीटर खोल दरी म्हणजे एका प्रचंड गुहेचं छत कोसळून उघडी पडलेली पोकळी. पुंक्वा गुहेतून तिच्या तळाशी जाता येतं. तळाशी उभं राहून वर पाहिलं की आकाशाचा लहानसा तुकडा आणि कड्यावरून ओथंबलेली हिरवी नेची दिसतात. तिथून पुढे भूमिगत पुंक्वा नदीवर बोट चालते. नावाडी छत खाली येतं तिथे डोकं वाकवायला सांगतो, पाणी हिरवंगार आणि इतकं स्तब्ध की खडक कुठे संपला ते कळत नाही. गुहेत बाराही महिने सात-आठ अंश तापमान असतं, त्यामुळे जुलैतही जाकीट न्या. तिकीट आधी आरक्षित करा. उन्हाळ्यात ऐनवेळी गेलात तर बहुधा दारातूनच परत यावं लागेल.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी वाट पालावाची. ऑस्ट्रियाच्या सीमेलगत सपाट मुलखातून अचानक उठलेली ही पांढऱ्या चुनखडीची टेकड्यांची रांग. पायथ्याच्या दोल्नी व्येस्तोनित्से गावाजवळ १९२५च्या उत्खननात भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम अकरा सेंटिमीटर, वय पंचवीस हजार वर्षांहून जास्त. माणसाने भाजलेल्या मातीच्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू माहीत आहेत, त्यांत तिची गणना होते. गावातून लाल पट्टा धरायचा, देविच्की किल्ल्याच्या पडक्या भिंतींपर्यंत चढायचं, तिथून धारेवरून क्लेंट्नित्से गाव, सिरोत्ची ह्रादेक हा पडका किल्ला आणि शेवटी मिकुलोव्ह. एका बाजूला जलाशय, दुसऱ्या बाजूला द्राक्षमळे. नाशिकच्या मुलांना वेलींची रांग बघून घरची आठवण येईल. एप्रिलमध्ये उताराच्या गवतात बुटके आयरिस फुलतात, पिवळे, जांभळे, पांढरे. वाट सोडून त्यांच्यात जाऊ नका, हा राखीव भाग आहे. वर पाणी मिळत नाही, दोन लिटर बरोबर घ्या.

स्न्येश्का हे देशातलं सर्वोच्च शिखर, १,६०३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आकड्यात थोडं उंचच. पण त्या भरवशावर टी-शर्टवर निघू नका. क्रकोनोशेत तेराशे मीटरच्या आसपास झाडं संपतात, वर फक्त बुटकी पाइन, गवत आणि वारा. खाली पेत्स गावात ऊन असताना माथ्यावर ढगात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, मेपर्यंत कुठे कुठे बर्फ असतं. निळा पट्टा ओब्र्झी दूल या हिमनदीने कोरलेल्या दरीतून वर नेतो, तो मला दोरावरच्या पाळण्याने (रोपवेने) जाण्यापेक्षा कितीतरी चांगला वाटतो. वारा जोरात असला की पाळणा बंद असतो, तेव्हा परतीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

वाळूच्या खडकांचे मनोरे बघायचे तर आद्रश्पाख किंवा चेस्की राय. आद्रश्पाखचं तिकीट ऑनलाइन आधी काढा आणि रेल्वेने जा, स्थानक खडकांच्या दारातच आहे. गिर्यारोहण करणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्या बेसाल्टवर चालतं ते इथल्या वाळूच्या खडकावर चालत नाही. ओला झालेला वाळूचा खडक ठिसूळ होतो, पावसानंतर त्यावर चढायला बंदी असते. फटीत धातूची साधनं अडकवायची नाहीत, दोराच्या गाठी वापरायच्या, आणि हाताला खडूची भुकटी लावायची नाही. स्थानिक क्लबबरोबरच पहिल्यांदा जा.

प्राव्चित्स्का ब्राना ही युरोपातली सर्वांत मोठी नैसर्गिक वालुकाश्म कमान चेक स्वित्झर्लंड राष्ट्रीय उद्यानात आहे. जुलै २०२२मध्ये तिथे मोठा वणवा लागला. खोडकिड्याने वाळलेले स्प्रूस आधीच उभे होते, त्यांनी पेट घेतला. जळलेल्या उतारावर आता बर्च आणि इतर रोपं दाट उगवली आहेत, ते बघण्यासारखं आहे. पण उभी मेलेली झाडं केव्हाही पडतात, म्हणून काही वाटा बंद असू शकतात. उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून मगच निघा, आणि वाट बंद असल्याची पाटी दिसली तर खरोखर परत फिरा.

पाचवी पायरी: गोचीड

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. इथल्या जंगलात अस्वल-लांडग्याची भीती जवळपास नाही, भीती गोचिडीची आहे. तिच्यातून दोन आजार होतात. एक मेंदूज्वर, ज्यावर नेमकं औषध नाही पण लस आहे. दुसरा लाइम, ज्यावर लस नाही पण वेळेत कळला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. चेकियात मेंदूज्वराचे रुग्ण युरोपात सर्वाधिक असणाऱ्या देशांइतके असतात, त्यामुळे लस घ्याच. दोन डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतराने आणि तिसरा काही महिन्यांनी. हिवाळ्यात सुरुवात केली की वसंतात संरक्षण मिळतं. विम्यातून काही रक्कम परत मिळते का ते विचारा.

चालताना लांब पॅन्ट, पायमोजे पॅन्टच्या वर, फवारा. घरी आलात की आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे, केसांच्या कडेला बघा. गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीही असते. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सावकाश ओढा. तेल, तूप, काडी यातलं काही लावायचं नाही, त्याने ती आणखी लाळ सोडते. औषधाच्या दुकानात खास चिमटे मिळतात, एक सॅकमध्ये कायमचा ठेवा. चावलेल्या जागेचा फोटो काढून तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला, तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावल्याचं आपणहून सांगा.

जंगलात काय चालतं

जंगल सरकारी असो वा खासगी, सगळ्यांना आत जायची मोकळीक कायद्याने आहे, आणि स्वतःच्या खाण्यापुरती फळं आणि अळंबी गोळा करायचीही. जुलैत ब्लूबेरी तोडणारी कुटुंबं दिसतील, निळी बोटं आणि निळे ओठ. राष्ट्रीय उद्यानांच्या कडक संरक्षित भागात मात्र वाट सोडता येत नाही. देशात अशी चार उद्यानं आहेत: क्रकोनोशे, शुमावा, पोदिई आणि चेक स्वित्झर्लंड. जंगलात आणि त्याच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत शेकोटी पेटवायची नाही, आणि जंगलात सिगारेटही नाही.

अळंबी गोळा करणं हा इथला राष्ट्रीय नाद आहे. पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले की भल्या पहाटे जंगलाच्या कडेला गाड्या उभ्या असतात. चेक मित्र बोलावतोय तर अवश्य जा, वेताची टोपली आणि छोटी सुरी घेऊन. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजून खराब होते. आपली जागा कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून त्याने तुम्हाला नेलं हा मोठा मान समजा. पण एकट्याने गोळा करून खाऊ नका. टोपीखाली स्पंज असलेली आणि पापुद्रे असलेली हा फरक पहिल्याच दिवशी शिकून घ्या. जीव घेणारी हिरवी मुखोमूर्का पापुद्र्यांची असते. ती खाल्ल्यावर कित्येक तास काहीच होत नाही, आणि लक्षणं दिसेपर्यंत यकृतावर परिणाम सुरू झालेला असतो. शंका आली की टाकून द्या. प्रागमध्ये चेक कवकशास्त्र संस्थेचे जाणकार टोपली बघून सांगतात, त्याचे पैसे घेत नाहीत.

सहावी पायरी: होस्पोदा

वाट संपते तिथे बहुधा होस्पोदा असते. खानावळ, बिअरचा गुत्ता आणि गावचा पार, सगळं एकाच छपराखाली. आत शिरताना मोठ्याने 'दोब्री देन' म्हणा. दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीतही शिरताना हे म्हणतात आणि निघताना 'ना स्ख्लेदानोउ'. न म्हटलं तर कुणी टोकत नाही, पण म्हटलं की वागणं बदलतं. टेबल भरलेलं असेल तर 'ये तू व्होल्नो?' विचारून अनोळखी माणसांच्या शेजारी बसता येतं. दर वेळी काही मागवलं की वेटर टेबलावरच्या चिठ्ठीवर खूण करतो. ती चिठ्ठी म्हणजे तुमचं बिल, तिच्यावर काही गिरवू नका आणि ती हरवू नका. ग्लासला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. पीत नसाल तर कोफोला मागा. १९६०पासूनचं हे काळं पेय नळावरून मोठ्या ग्लासात मिळतं, आणि कोफोला घेऊन बसलेल्याला कुणी आग्रह करत नाही.

जेवणात चार शब्द पाठ करा: होव्येझी म्हणजे गोमांस, वेप्र्झोवे डुकराचं, कुर्झेत्सी कोंबडीचं, रिबा मासा. स्वीच्कोवा हा त्यांचा सणासुदीचा पदार्थ गोमांसाचा असतो, न खाणाऱ्यांनी नावावरून मागवू नये. शाकाहारींनी 'बेझ मासा' (म्हणजे मांसाविना) या शीर्षकाखालचे पदार्थ बघावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. अनेक सूप मांसाच्या पाण्यात होतात, कोबी-बटाट्यात स्लानिना म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे पडतात, तळण साड्लोत असू शकतं, तेही डुकराचंच. स्पष्ट विचारा. चीज तळून देतात ते सगळीकडे मिळतं आणि रोज खाल्लं की कंटाळा येतो. त्यापेक्षा आंबट मसूर, सोललेल्या वाटाण्याचं घट्ट वरण, बटाट्याचं थालीपीठ म्हणता येईल असं ब्राम्बोराक, आणि शेपू-अळंबी-सायीची कुलाय्दा (हे सूप) शोधा. शेपू आवडणाऱ्या मराठी माणसाला कुलाय्दा लगेच पटते. प्लम किंवा जर्दाळू भरलेले गोड क्नेड्लीकी, म्हणजे उकडलेले गोळे, इथे जेवण म्हणून खातात, वर लोणी आणि किसलेलं चीज. कामाच्या दिवशी अकरा ते दोन या वेळात दुपारचं ठरलेलं जेवण स्वस्त मिळतं.

घरी बोलावलं तर

लगेच बोलावणार नाहीत, पण बोलावलं तर ते मनापासून असतं. सांगितलेल्या वेळेला पोहोचा. चपला दारात काढायच्या, घरात घालायला सपाता देतात, आपल्याला हे शिकवावं लागत नाही. फुलं न्यायची तर विषम संख्येत; सम संख्येची फुलं अंत्यविधीला नेतात. चेक भाषेतही अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे, आणि आपल्यासारखंच वयाने मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय अरे-तुरेवर यायचं नाही.

खाटा म्हणजे जंगलाकाठचं छोटं सुट्टीचं घर. त्याचं निमंत्रण आलं तर परीक्षा असेल तरच नाही म्हणा. तिथे लाकडं फोडायची, पाणी आणायचं, संध्याकाळी शेकोटीवर जाड सॉसेज भाजायचं. सॉसेजच्या दोन्ही टोकांना चिरा देतात, त्या आगीत फुलासारख्या उलगडतात. शाकाहारींनी बटाटे आणि मक्याची कणसं घेऊन जावीत. गिटार निघते, आणि सगळ्यांना सगळी गाणी येतात. एखादं मराठी गाणं तयार ठेवा, म्हणायला लावतातच.

सणांचं गणित

३० एप्रिलच्या रात्री टेकड्यांवर होळी पेटते, गवताची चेटकीण जाळतात. ईस्टर सोमवारी मुलगे विणलेल्या विलोच्या काठ्यांनी मुलींना हलकेच मारतात आणि बदल्यात रंगवलेली अंडी घेतात. मुलींनी हे आधी माहीत असू द्यावं, आणि नको असेल तर सरळ नाही म्हणावं. आजकाल ते ऐकतात. मे महिन्याच्या अखेरीस मोरावियातल्या व्ल्च्नोव्ह गावात राजांची स्वारी निघते. दहा-बारा वर्षांचा मुलगा स्त्रीवेषात, चेहऱ्यावर रिबिनी, तोंडात गुलाब, पूर्ण मौन. त्याच्या आजूबाजूचे स्वार घराघरासमोर थांबून जमलेल्या लोकांवर चालीत कविता म्हणतात आणि बुटात नाणी गोळा करतात. २०११पासून ही स्वारी युनेस्कोच्या यादीत आहे. गर्दी होते, पण ती बहुतेक आसपासच्या गावांची असते, आणि आजींच्या परकरांवरचं भरतकाम दोन हातांवरून बघायला मिळतं.

सप्टेंबरात मिकुलोव्ह आणि झ्नोइमोला द्राक्षांचा उत्सव. तेव्हा बुर्चाक मिळतं, अर्धवट आंबलेला द्राक्षरस. १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर एवढ्याच काळात ते विकायची परवानगी आहे. गोड लागतं म्हणून जास्त पिऊ नका, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून सॅकमध्ये ठेवू नका, वायूने फुटते. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत मिकुलाश, देवदूत आणि सैतान असे तिघे रस्त्यावर साखळ्या वाजवत फिरतात. नाताळच्या आधी चौकाचौकात पिंपात जिवंत कार्प मासे विकायला असतात. २४ तारखेला दुपारपर्यंत दुकानं बंद होतात आणि पुढचे दोन दिवसही मोठी दुकानं उघडत नाहीत. दूध, भाजी, पीठ आधी भरून ठेवा.

पावसात आणि थंडीत

पाऊस असेल तर ब्रनोतच ऑगस्टीनियन मठात जा. शाळेत वाटाण्याच्या झाडांच्या प्रयोगातून भेटलेला ग्रेगर मेंडेल इथलाच, १८५६ ते १८६३ या काळात त्याने ते प्रयोग इथे केले. मीस व्हान डेर रोहे या वास्तुकाराने बांधलेला तुगेंधाट व्हिला बघायचा तर कित्येक आठवडे आधी आरक्षण लागतं. इथे आल्या आल्या ते करून टाका. झ्लीनला जाणं होत असेल तर बाटाची एकविसावी इमारत बघा. आपल्या शाळेच्या बुटांवरचं नाव या गावचं. १९३८ची ही सोळा मजली इमारत, आणि तिच्यात मालकाचं ऑफिसच एका मोठ्या लिफ्टमध्ये, आत हात धुवायच्या बेसिनसकट.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं. तेव्हा वाट निम्मी करा, डोक्याचा दिवा आणि थर्मासमध्ये चहा घ्या, आणि बुटाला अडकवायच्या लोखंडी साखळ्या क्रीडासाहित्याच्या दुकानातून आणा. पायवाटेवरचा बर्फ दिवसा वितळून रात्री काचेसारखा होतो. किल्ले आणि वाडे नोव्हेंबर ते मार्च बहुतेक बंद असतात, आणि एप्रिलमध्ये उघडले तरी सोमवारी बंदच.